मागच्या गाडीत नंदा

१९ एप्रिल ९३, सोमवार. भुसावळ

व्याह्यांचं कार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमनपासून गल्लीपर्यंत सगळ्यांचं वाचून झाल्यावर आमच्या हातात. "आपली गाडी आमच्या अंगणात उभी आहे. आपल्या मुलीने बिघडवून ठेवली. अंगण आम्हास लागते. घेऊन जावी." खाली 'आपला' म्हणून सही. आपला कसला डोंबलाचा.

गाडी म्हणजे लग्नात मी दिलेली अँबॅसिडर. वरातीत पोरं तिच्या टपावर चढून नाचली होती. आता नरडाण्याला तिच्यात कोंबड्या बसतात म्हणे.

नानांचं, म्हणजे व्याह्यांचं, म्हणणं असं की फेब्रुवारीत नंदाने न विचारता गाडी काढली आणि इंजिन जाम करून टाकलं. कशाला काढली ते कार्डात नाही. सासूच्या छातीत कळा येत होत्या, घरात पुरुषमाणूस नाही, पोरगी तिला मागच्या सीटवर घालून धुळ्याला निघाली. गाडी सोनगीरच्या पुढे बंद पडली. ट्रकवाल्याने दोघींना दवाखान्यात पोचवलं. सासू वाचली, गाडी मेली. होळीला "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हणाले. चार दिवसांचे दीड महिने होत आले. जावई प्रकाश एकदाही फिरकला नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. आमचं घोडं तर चालतही नाही.

२१ एप्रिल, बुधवार

दुपारी पिकअपखाली आडवा होतो. ऊन मी म्हणतंय. ग्रीस भरता भरता डोक्यात तेच.

इथे तरी खरं लिहू. ही वही घरात कोणी उघडत नाही.

त्या गाडीच्या इंजिनचा ब्लॉक फुटका होता. लग्नाआधी दोन महिने ही जुनी गाडी घेतली, आठवड्याने तडा दिसला. मिस्त्री म्हणाला, इंजिन बदला. मी म्हटलं, तड्यात लांबीची पुट्टी भर, वरून काळा रंग मार. मी स्वतः उभा राहून करून घेतलं. बाहेरून अशी चकाचक की आरशाची गरज नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वर्षभरात कामाचा जोर लागला की गुपचूप दुसरं इंजिन टाकून देऊ, कोणाला कळणार, असं मनाशी ठरवलं. वर्ष गेलं. दुसरंही गेलं.

आणि लग्नात काय बोललो मी! विहारात माइक हातात घेऊन, हुंडा घेणारा आणि देणारा दोघेही समाजाचे गुन्हेगार. टाळ्या. बाहेर मांडवात हार घातलेली गाडी उभी. कोणी विचारलंच तर 'भेट'.

तर इंजिन पोरीने घालवलं नाही. मी घालवलं. हे एक वाक्य नरडाण्याला जाऊन बोललो की विषय संपतो. पण बोलणार कोण? दुसऱ्यांच्या बैठकीत न्याय सांगत फिरणारा मी. भुसावळ, जामनेर, धुळं, कुठे नवराबायकोचं बिनसलं की "आबांना बोलवा". झाकली मूठ झाकलेलीच बरी वाटते. लाज वाटते लिहिताना, पण वाटते तेच लिहितोय.

२६ एप्रिल, सोमवार

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. गल्लीतल्या पोरी माहेरी आल्यात, झोके बांधलेत, दिवसभर गाणी. आमची पोरगी आखाजीच्या आधीच येऊन बसली आहे, तिला कोण झोक्यावर बोलावणार? बायका तिच्याकडे बघून हळू बोलतात. हळू बोललेलं जास्त ऐकू येतं हे त्यांना कळत नाही.

गाडी आणायची ठरवली. हिचा (बायकोचा) विरोध. "दिलेली वस्तू दारातून उचलली की नातं मोडलं समजतात. राहू द्या कोंबड्यांना." मी म्हटलं, उघड्या कार्डावर अपमान करून घेऊ का? माझी गाडी, माझा दोर, माझी पिकअप. ओढून आणतो.

प्रश्न मागच्या गाडीत कोण बसणार. दोराने ओढताना मागच्या स्टेअरिंगवर पक्का माणूस लागतो. वामनला विचारलं. तीस वर्षांचा दोस्त, दोघे एका ट्रकवर क्लीनर होतो. म्हणाला, "लग्नात त्या गाडीला हार मी घातला रे. ओढायला मला नको नेऊ." बरोबर आहे त्याचं. राग आला तरी बरोबर आहे.

नंदा गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बसते."

ही ओरडली, "सासरच्या दारातून तू गाडी चालवत निघणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं काय उरलंय, आई?"

मी हो म्हटलं. तिला गाडी शिकवली मीच. मालधक्क्याच्या मैदानात, रविवारी, याच पिकअपवर. अठराची होती. लायसन काढून आणलं त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. सासरी त्याच लायसनचं कौतुक असं, की "बाईच्या जातीला हे धंदे कोणी शिकवले?"

३० एप्रिल, शुक्रवार

दोर आणला, ट्रकवाल्यांचा नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड. मध्ये लाल फडकं बांधायचं, नाहीतर सायकलवाले दोन गाड्यांच्या मधून घुसतात. हवेचा पंप, जॅक, चार्ज केलेली बॅटरी (मागच्या गाडीच्या हॉर्नसाठी), पाण्याचा कॅन.

मैदानात वामनची जीप बांधून नंदाकडून सराव करून घेतला. एक हॉर्न म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. मी हात बाहेर काढून खाली दाबला की उतार आला. मुख्य गोष्ट, दोर ढिला पडू द्यायचा नाही. ढिला पडला आणि मी अचानक ओढलं की तुटला. म्हणून उतारावर ब्रेक मागच्याने धरायचा, पुढच्याने मारला तर मागची गाडी येऊन आदळते.

म्हणाली, "म्हणजे ओढायचं तुम्ही आणि आवरायचं मी."

"तसंच समज."

"सवय आहे," म्हणाली.

३ मे, सोमवार

काल आणली. काल लिहायला हात उठला नाही, खांदे भरून आले होते. आज भाड्याचा फेरा रद्द केला. सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे पाचला निघालो. ही बोलली नाही, डबा मात्र दिला, ठेचा-भाकरी. जाताना नंदा शेजारी बसली होती. जळगाव, एरंडोल, पारोळा. एवढ्या रस्त्यात मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा "ऊन फार होणार आज" एवढंच म्हटलं. ती हो म्हणाली, चारही वेळा.

नरडाण्याला दहा वाजले. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, जसं काही तिकीट लावलंय. शेजारपाजारचे जमलेले. रविवार, म्हणून सूतगिरणीवाले पण घरी. गाडी कडुनिंबाखाली. पुढचं डावं चाक बसलेलं, सीटवर कोंबड्यांची घाण.

नाना मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आबा, तुम्ही स्वतःहून नेताय ना गाडी?"

"तुम्हीच कार्ड टाकलं."

"कार्ड अंगणापुरतं. मी विचारतो, तुमच्या मर्जीने नेताय ना?"

"हो, नेतोय!"

"पुन्हा सांगा, हे लोक ऐकताहेत."

मला तिडीक आली. ओरडलोच, "हो हो, माझ्या मर्जीने नेतोय, माझी गाडी आहे, पुन्हा या दारात ठेवणार नाही!"

नाना खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा बघितला आणि काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय चुकलं ते कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण.

मी चाकात हवा भरायला बसलो. पंपाच्या पाच-पंचवीस दाबांत धाप लागली. प्र. (जावई) बनियनवर दारात उभा होता इतका वेळ. खाली आला, माझ्या हातून पंप घेतला, भरत बसला. घामाने निथळला. नाना वरून, "प्रकाश, आत ये." तो आत गेला नाही, चाक भरूनच उठला. मग नंदाच्या खिडकीशी वाकून काहीतरी बोलला. मी दोर बांधत होतो, ऐकू आलं नाही.

सासूबाई काठी टेकत आल्या. वाळल्यात फार. नंदाच्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "मना जीव इनीच वाचाडा, अन् इलेच काढं." नानांनी खाकरून बघितलं, तशा गप्प झाल्या.

निघालो. अख्खी गल्ली बघत होती. पुढे मी, मागे लाल फडकं, त्याच्या मागे नंदा, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मान ताठ.

पंचविसाच्या वर वेग नाही. हायवेचे ट्रक अंगावरून जात होते. सोनगीरच्या उतारावर मी हात खाली दाबला, आणि पिकअपला मागून हिसका बसायच्या ऐवजी अगदी अलगद ताण आला. तिने धरला होता ब्रेक. पुढे प्रत्येक उतारावर तसंच. माझ्या गाडीचा वेग ती मागून सांभाळत होती. वामन असता तर चार हिसके दिले असते.

धुळ्याच्या अलीकडे दोन हॉर्न. थांबलो. म्हणाली, "ब्रेक खाली जातोय, दोनदा दाबावा लागतो. इक्बालभाईंना दाखवू, रस्त्यावरच आहेत."

"दोनदा दाबायचा हे तुला कोणी सांगितलं?"

"यांनी. मघाशी खिडकीशी."

तेवढंच बोलला होता प्र. बायको चालली, आणि हा ब्रेकचं सांगतो. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

इक्बालभाईंचं गॅरेज साधं, पत्र्याची शेड. माझ्याच वयाचा माणूस. नंदाला बघून, "या ताई, बसा, चहा सांगतो." म्हणजे ओळख जुनी. ब्रेकचं तेल भरलं, हवा काढली. मग बॉनेट उघडून ब्लॉकवर बोट फिरवलं आणि मला सांगू लागले. सरळ मनाने, गिऱ्हाइकाला सांगतात तसं.

"आबा, हे बघा. हा तडा जुना आहे, कोणीतरी लांबी भरून रंग मारलाय. ज्याने विकली त्याने फसवलं तुम्हाला. मी ताईंना मागच्या उन्हाळ्यातच दाखवलं होतं. म्हटलं, दर दहा किलोमीटरला थांबून पाणी बघत जा, नाहीतर एक दिवस जाम होणार."

मागच्या उन्हाळ्यात.

मी नंदाकडे बघितलं. ती बाकावर बसून बशीत चहा ओतत होती. तिने वर बघितलं नाही.

इक्बालभाई आणखी काय बोलले आठवत नाही. पैसे घेतले नाहीत. दोर पुन्हा बांधला. ती मागे जाऊन बसली, मी पुढे.

आणि मग पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. सव्वाशे किलोमीटर. पोरगी पंधरा फुटांवर, आरशात समोर दिसतेय, आणि एक अक्षर बोलता येत नाही. हॉर्नला दोनच शब्द, हळू आणि थांबा. असं वाटत होतं की उतरावं, दोर सोडावा, आणि दोघांनी एसटीने घरी जावं.

नंदाला माहीत होतं. सगळं वर्ष माहीत होतं. सासरी ऐकून घेत होती, बापाने दिलेली गाडी म्हणजे असली, आणि पोरगी पण तसलीच. एका शब्दात त्यांचं तोंड बंद करता आलं असतं. केलं नाही.

मुकटीच्या पुढे एक म्हातारा बकऱ्या घेऊन आडवा आला, मी करकचून ब्रेक मारला. मारायचा नसतो. नंदा आदळलीच असती, पण तिने गाडी डावीकडे साइडपट्टीवर काढली आणि माझ्या पिकअपच्या बरोबरीने येऊन थांबली. दोर दोन्ही गाड्यांच्या मधे जमिनीवर. दोन्ही खिडक्या समोरासमोर, बाजूच्या सीटवर झुकून हात लांब केला तर पोचेल. बोलायची हीच वेळ होती.

मी म्हटलं, "लागलं का?"

"नाही. तुम्ही ब्रेक मारायचा नव्हता."

"हो."

म्हातारा बकऱ्यांना शिव्या देत होता, थोड्या मलाही दिल्या. मी पिकअप हळूहळू पुढे काढून पुन्हा ओळीत आणली.

एरंडोलच्या पुढे दोर तुटला. गाठ मारली. गिरणेच्या पुलाआधी पुन्हा तुटला, पुन्हा गाठ. दरवेळी दोर आखूड. तिथे उभं राहून, पायाखाली डांबर चिकटतंय, मी तिला म्हटलं, "दोर आखूड झालाय, सांभाळून ये." असा हा बाप. माइक दिला की तासभर बोलतो.

रात्री आठला घरी. गाडी परसात लावली. ही दारात उभी. नंदा उतरली, स्टेअरिंग धरून धरून तळहातांना फोड आलेले. तशीच न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

५ मे, बुधवार

काय चुकलं ते आज कळलं. जामनेरचे बापू आले होते. सोयरीक त्यांनीच जुळवलेली, दोन्हीकडचे आहेत, म्हणजे कोणाचेच नाहीत.

नाना गावभर सांगत सुटलेत, "आम्ही पोरीला चार दिवस धाडली होती. व्याह्यांनी स्वतः येऊन गाडी उचलली, पुन्हा या दारात ठेवणार नाही म्हणाले, पंचवीस माणसांनी ऐकलं. मोडलं त्यांनी." तीनदा विचारलं ते त्यासाठी. आणि मी गाढव, तीनदा हो म्हटलं, वर शेपूट जोडलं.

ही म्हणाली, "मी काय सांगत होते?" फक्त एकदाच म्हणाली. दहादा म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी धुळ्याला बैठक ठेवलीय, तिथल्या विहारात. विषय दोन. मोडलं कोणी, आणि गाडी बिघडवली कोणी. बापू जाताना म्हणाले, "आबा, तुम्ही बोलायला तरबेज. सांभाळून घ्याल." मी त्यांना चहाही विचारला नाही.

६ मे, गुरुवार. पौर्णिमा

सकाळी विहारात गेलो. चार शब्द बोला म्हणाले. घसा बसलाय सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी नंदा परसात, गाडीतली कोंबड्यांची घाण धूत होती. मीही फडकं घेऊन लागलो. बाजूच्या काचा पुसून झाल्या. मग मीच.

"तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस त्यांना?"

"तुम्ही का नाही बोललात मला?"

मी म्हटलं, इंजिन बदलून देणार होतो. ती म्हणाली, हो, इक्बालभाईंनी दाखवलं त्या दिवशी मीही तेच म्हटलं मनात, आबा बदलून देतील. दिवाळीला मी गाडी घेऊन आले होते तेव्हा वाट बघितली. तुम्ही गाडीला हात लावून म्हणालात, "चालते ना झकास?" मी हो म्हटलं.

आठवलं मला. असंच म्हणालो होतो.

पुढे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "मी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बाप लबाड. मग जन्मभर लबाडाची पोरगी म्हणून नांदायचं. त्यापेक्षा गाडी बिघडवणारी बरी."

"आणि त्या दिवशी? सोनगीरला?"

"पाणी बघायला थांबायला हवं होतं. माहीत होतं मला. गरमीचा काटा वर गेलेला दिसत होता. सासूबाई घामाने थबथबल्या होत्या, बोलणं बंद झालं होतं. थांबून बॉनेट उघडायचं, गार व्हायची वाट बघायची, त्यात अर्धा तास. नाही थांबले. गाडी जाणार हे कळून चालवली, आबा. म्हणजे तसं नानांचं खरं आहे, मीच घालवली."

मी फडकं पिळत बसलो. रडलो. या वयात पोरीसमोर बाप रडला तर पोरीने काय करावं? तिने बादली उचलली आणि दुसरं पाणी आणायला गेली.

परत आल्यावर एवढंच म्हणाली, "रविवारी मी येणार नाही. माझ्या नावाची बैठक, आणि मी मागे बायकांत बसून ऐकायची? तुम्ही जा. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

८ मे, शनिवार

हिला सांगितलं सगळं. आधी हसली, मला वाटलं समजलं नाही. मग म्हणाली, "लग्नात ती गाडी ओवाळायला मला लावलीत." आणि उठून गेली. जेवायला वाढलं, ताट आपटलं नाही, काही नाही. नुसतं वाढलं.

९ मे, रविवार. धुळे, दुपार, एसटी स्टँड

परतीच्या गाडीची वाट बघत लिहितोय. आठवतंय तोवर.

पाच पंच. मधे निवृत्त मास्तर, माझ्या ओळखीचे, दोन-तीन बैठकांत आम्ही एका सतरंजीवर बसलेलो. आज मी समोर. नाना आधी बोलले, तासलेलं, पाठ केलेलं. पोरीने गाडी घालवली, बापाने गाडी उचलली, आमचा दोष काय?

मास्तर म्हणाले, "आबा, बोला."

उभा राहिलो. म्हटलं, ब्लॉक लग्नाआधीच फुटका होता. मला माहीत होतं. मीच झाकलं. पोरीला मी सांगितलं नाही, तिला बाहेरून कळलं, आणि तिने माझ्यासाठी तोंड मिटलं. एवढंच. खाली बसलो.

मग नाना, "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलं."

"हो."

"आणि वर हुंड्यावर भाषणं!"

"हो."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मागच्या साली जामनेरला तुम्ही त्या पोराच्या बापाला काय काय बोललात आबा, आठवतं का?" आठवतं. तो बाप मान खाली घालून बसला होता, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सासूबाई मागून उठल्या. बायकांतून कोणी बोलत नाही, त्या बोलल्या. "बठ्ठा गाडीनंच बोली ऱ्हायनात. मी मरी जातू त्या दिन, ते कोनी बोलस का? गाडी गई ते जाऊ द्या, मी जित्ती शे ना!" बोलता बोलता दम लागला, बसवलं त्यांना.

आणि मग मजा बघा. नाना लगेच पलटले. "मग पोरीचा दोष नाहीच! आम्ही कधी म्हटलं? पाठवा उद्या." सगळ्यांचे चेहरे खुलले. पंचांना जेवायची घाई. मास्तर लिहूही लागले, गैरसमज दूर झाला, मुलगी नांदायला जाईल. अडीच वर्षांचं बोलणं, दोन महिन्यांचं हाकलणं, सगळा गैरसमज. मी तरी काय वेगळं करत आलो इतकी वर्षं? असेच कागद लिहिले, आणि घरी येऊन सांगितलं की आज एक घर जोडलं.

मी म्हटलं, "मी पाठवणारा कोण? तिला विचारा." नाना म्हणाले, बापाने असं बोलावं का.

प्र. भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "लिहू नका, मास्तर. मी गुरुवारी भुसावळला जातो. मी विचारतो तिला." नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. पण तो बोलला. दोन वर्षं उशिरा, पण बोलला.

बाहेर आलो तर चपला घालायलाही कोणी शेजारी थांबलं नाही. एरवी चार जण रिक्षापर्यंत पोचवायला येतात. चालत स्टँडवर आलो.

११ मे, मंगळवार. भुसावळ

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. वामन आला, बसला, बिडी ओढली. म्हणाला, "मला सांगायचंस रे. आपण दोघांनी मिळून इंजिन टाकलं असतं." मग गेला. त्यालाही लागलंय.

यावलच्या बैठकीला मला बोलावलं होतं पुढच्या आठवड्यात. आज निरोप, "आबा, उन्हात कशाला त्रास घेता."

नंदाला बैठकीतलं सगळं सांगितलं. नाना काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, प्र. काय म्हणाला. ऐकून घेतलं. सासूबाईंचं दोनदा विचारलं, दम फार लागला होता का, गोळ्या घेतात का. प्र. चं काहीच विचारलं नाही.

आज सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गुरुवारी तुम्ही घरी थांबू नका, आबा. माझं मी बोलेन."

मी म्हटलं, बरं. दारापर्यंत गेलो, परत आलो. राहवलं नाही. विचारलं, "काय सांगणार आहेस त्याला? मला तरी सांग."

तिने पोळी तव्यावर टाकली. म्हणाली, "कळेल तुम्हाला. मला नव्हतं का दीड वर्षाने कळलं?"

ही चुलीशी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

गुरुवारचा रावेरचा केळीचा फेरा घेतलाय. सकाळी सहाला निघायचं आहे, परत यायला संध्याकाळ होईल.